बारा द्राक्षं, बदामाचं डुक्कर आणि पाकिटातलं खवलं

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात स्पेनमधल्या बारा द्राक्षांवर (३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या प्रत्येक टोलाला एक द्राक्ष खायची तिथली प्रथा) मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यातली एक चुकली पण, त्याबद्दल खाली येतेच. पण त्या चार ओळींवर जेवढे मेल आले ना, तेवढे गुडघेदुखीच्या पानावर पण येत नाहीत. सगळ्यांचा सूर साधारण एकच, की नवीन वर्षाला अमुक खाल्लं की नशीब उघडतं हे जगभर लोकांच्या डोक्यात आलं कुठून. म्हणून यावेळचं अख्खं पान यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काहींची लांबी कापलीय, रागवू नका.

प्रश्न: ताई, माझा मुलगा शिकायला माद्रिदला आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री मित्रांबरोबर द्राक्षं खायला बसला आणि आठव्यालाच तोंड भरलं, पुढची चार राहिली ती राहिलीच. रूममेट म्हणाले एक द्राक्ष म्हणजे एक महिना, आता सप्टेंबरपासून तुझं काही खरं नाही. तो हसतोय पण मला मेलीला तेव्हापासून चैन नाही. त्याचा निकाल सप्टेंबरातच आहे हो. (काळजीत पडलेली आई)

उत्तर: आधी घोटभर पाणी प्या, मग वाचा. तुमच्या लेकाचं काही चुकलेलं नाही, त्याला कोणी नीट सांगितलंच नसणार. होतं काय, की माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात जुन्या पोस्टाच्या इमारतीवर एक घड्याळ आहे, १८६६ पासून तिथे आहे, आणि त्या रात्री अख्खा देश टीव्हीवर त्याच घड्याळाकडे डोळे लावून बसतो. बाराच्या जरा आधी घड्याळावरचा गोळा खाली उतरतो, मग चार वेळा टिंग-टाँग टिंग-टाँग होतं, त्याला ते लोक क्वार्तोस म्हणतात. हे फक्त 'तयार व्हा' सांगणारे टोल. नवखा माणूस हमखास इथेच फसतो, पहिल्या टिंगलाच द्राक्ष तोंडात टाकतो, आणि खरे बारा टोल सुरू होतात तेव्हा त्याचा गाल आधीच फुगलेला. मी स्वतः पहिल्यांदा रेकॉर्डिंग लावून करून बघितलं तेव्हा हेच केलं होतं, त्यामुळे लेकाला माझी पूर्ण सहानुभूती कळवा.

खरे टोल साधारण तीन-तीन सेकंदांनी पडतात, म्हणजे सगळा खेळ छत्तीस सेकंदांचा. एवढ्यात बारा द्राक्षं चावून गिळणं म्हणजे गंमत नाही, त्यातून बिया असल्या तर विचारूच नका. तिथल्या मुरलेल्या लोकांची युक्ती साधी आहे, द्राक्षं बारकी निवडायची, बिया आणि साल आधीच काढून ठेवायची, आणि सगळी चावत बसायची नाही. तिथल्या सुपरमार्केटात तर सोललेल्या मोजून बारा द्राक्षांचा छोटा डबाच मिळतो.

आणि टोल चुकल्याने वर्ष बिघडत असतं तर अख्खा आंदालुसिया प्रांत कधीच बुडाला असता. २०१४ च्या ३१ डिसेंबरला तिथल्या प्रादेशिक वाहिनीने टोल सुरू असतानाच मध्ये जाहिरात लावली होती, लोक हातात द्राक्ष धरून जाहिरात बघत बसले. झाला तो फक्त आरडाओरडा आणि नंतर माफी. तेव्हा सप्टेंबरचा निकाल अभ्यासावर सोडा.

एक गोष्ट मात्र सीरियसली सांगते आणि ही सगळ्यांसाठीच आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना हा खेळ अख्ख्या द्राक्षांनी अजिबात खेळू देऊ नका. द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि नेमकं श्वासनलिकेत बूच बसेल अशा मापाचं असतं. लांबीच्या बाजूने चार तुकडे करून द्या, आणि त्यांना टोलांच्या स्पर्धेत धरूच नका.

प्रश्न: तुम्ही लिहिलंत की १९०९ साली द्राक्षांचं पीक जास्त आलं म्हणून शेतकऱ्यांनी ही प्रथा काढली. हे चूक आहे. (जुना वाचक, यावेळी नाराज)

उत्तर: चूक आहे, कबूल. आलिकान्ते भागातल्या शेतकऱ्यांची १९०९ ची गोष्ट इतकी छान बसते ना, जास्तीचा माल आणि हुशार मार्केटिंग, की मी पण ती तशीच ठोकून दिली. पण माद्रिदच्या वर्तमानपत्रांमध्ये १८९० च्या दशकातच या द्राक्षांचे उल्लेख सापडतात. त्याआधी श्रीमंत घरांतून फ्रेंच लोकांची नक्कल म्हणून वर्षअखेरीला शँपेन आणि द्राक्षं असायची, आणि मग साध्या लोकांनी त्यांची टर उडवायला म्हणून चौकात जमून द्राक्षं खायला सुरुवात केली असं सांगतात. मला तर हे जास्त आवडलं. टिंगल म्हणून सुरू केलेली गोष्ट पुढे घराघरात अगदी श्रद्धेने करायला लागले. १९०९ च्या शेतकऱ्यांनी प्रथा काढली नाही, पण ती देशभर पोचवायला हातभार नक्की लावला असणार. त्याच भागातल्या विनालोपो खोऱ्यात अजूनही वेलावरच्या घडाला कागदाची पिशवी बांधतात, त्याने किडीपासून बचाव होतो आणि द्राक्षं हळू पिकतात, म्हणून तर ऐन डिसेंबरात ताजी मिळतात.

प्रश्न: या सगळ्याला काही लॉजिक आहे का? की कोणीतरी काहीतरी सांगितलं आणि लोक खात सुटले? (इंजिनियर, साहजिकच)

उत्तर: आहे, पण नशिबाचं नाही, कोठीचं. बघा ना, युरोपात, उत्तर अमेरिकेत, जपानात नवीन वर्ष येतं ते ऐन थंडीत. शेतात काही नाही. मग घरात काय असतं? वाळवलेली कडधान्यं, शरद ऋतूत कापलेल्या डुकराचं खारवलेलं मांस, सुकवलेले मासे, धान्याचं पीठ. आता नशिबाच्या पदार्थांची यादी काढा, मसूर, चवळी, डुकराचं मांस, माशाची अंडी, नूडल्स. तीच यादी! आधी ते घरात होतं, सणाला तेच शिजलं, आणि हे का खायचं असं पोरांनी विचारल्यावर मोठ्यांनी अर्थ लावून दिला, असं माझं स्पष्ट मत आहे. मसूर चपटा गोल म्हणजे नाणं, शिजल्यावर फुगतो म्हणजे पैसा वाढतो, असं.

इटलीत हेच आहे. ३१ च्या रात्री मसुराबरोबर कोतेकीनो नावाचं जाडजूड सॉसेज खातात, नाहीतर झांपोने, म्हणजे डुकराच्या पायाच्या कातड्यात मसाला घातलेलं मांस भरून केलेला प्रकार, मोदेना गावचा. त्याची दंतकथा अशी की १५११ मध्ये मिरांदोला गावाला पोपच्या सैन्याचा वेढा पडला होता, शत्रूच्या हाती डुकरं लागू नयेत म्हणून लोकांनी ती कापली आणि मांस टिकवायला पायाच्या कातड्यातच भरून ठेवलं. वेढा खरा, बाकी ज्याच्या त्याच्या विश्वासावर. पण बघा, इथे पण विषय शेवटी मांस टिकवण्याचाच निघाला.

प्रश्न: आमच्या ऑफिसच्या क्विझमध्ये प्रश्न आला, अमेरिकेच्या दक्षिणेत १ जानेवारीला कोणतं कडधान्य खातात. उत्तर चवळी! मी पैज हरलो. चवळीसारखी गरीब उसळ नववर्षाचा स्पेशल पदार्थ कशी काय? (पैज हरलेला)

उत्तर: गरीब आहे म्हणूनच. चवळी मूळची आफ्रिकेची, आणि पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर ती समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचली. कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर भाताची शेती होती, ती पण याच लोकांच्या राबण्यावर आणि त्यांच्या भातशेतीच्या ज्ञानावर उभी. भात, चवळी आणि चवीला खारवलेल्या डुकराचा तुकडा हे एकाच भांड्यात शिजलं त्याचं नाव हॉपिन जॉन. १८४७ मध्ये तिथे छापलेल्या एका पाककृतीच्या पुस्तकात याची कृती आहे, म्हणजे तोपर्यंत गुलामांच्या चुलीवरचा पदार्थ मालकांच्या टेबलावर आलेला होता.

जोडीला कोलार्ड नावाची कोबीच्या कुळातली हिरवी पालेभाजी, आणि मक्याचा ब्रेड. चवळी म्हणजे नाणी, भाजी म्हणजे नोटा, पिवळा ब्रेड म्हणजे सोनं. ताटात पूर्ण बँक. दुसऱ्या दिवशी उरलेलं खाल्लं की त्याचं नाव बदलतं, स्किपिन जेनी म्हणतात, आणि ते खाणारा काटकसरी म्हणून त्याचं नशीब अजून चांगलं. हे मला फार आवडतं, शिळं संपवण्याला इतकं गोड बक्षीस दुसरीकडे कुठे नाही. काही घरांत तर माणशी ३६५ दाणे खावेत म्हणतात, दिवसाला एक. मोजत बसणारे पण असतीलच.

आता क्विझवाले तुम्हाला एक गोष्ट हमखास सांगतील की यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने दक्षिणेतलं सगळं धान्य लुटलं, चवळी मात्र जनावरांचा चारा समजून सोडून दिली आणि लोक तिच्यावर जगले म्हणून ती शुभ. मला ही गोष्ट पटत नाही. एक तर भुकेलं सैन्य शिजणारं कडधान्य सोडून जाईल का, आणि दुसरं म्हणजे या गोष्टीत चवळी आणणारी आणि रोज खाणारी माणसंच गायब आहेत. त्यापेक्षा तारखा बघा. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री कृष्णवर्णीय लोक चर्चमधून आणि जमेल तिथे जागत बसले होते, कारण १ जानेवारी १८६३ ला लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू होणार होता. जागरणाची ती परंपरा कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये अजून चालू आहे, आणि त्यानंतर १ तारखेच्या जेवणात चवळी असते. त्या घरांमध्ये १ जानेवारीचा अर्थ कॅलेंडर बदलणं एवढाच नाहीये.

आणि पैजेचा बदला घ्यायचाय तर पुढच्या वेळी त्यांना हे विचारा, की चवळी आणखी कुठल्या नववर्षाला खातात. ज्यूंच्या रोश हशानाला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो तो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्यांच्या तालमूद ग्रंथात वर्षारंभी खायच्या पदार्थांत रुबिया आहे, बऱ्याच सेफार्दी (म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यू) घरांमध्ये रुबिया म्हणजे चवळीच धरतात, आणि कारण काय तर त्या शब्दाचा आवाज हिब्रूतल्या 'वाढू दे' सारखा आहे म्हणून. बस, एवढंच कारण.

प्रश्न: माझी होणारी वहिनी कोरियन आहे. ती म्हणाली नवीन वर्षाला सूप प्यायलं नाही तर वय वाढत नाही. म्हणजे न पिता तरुण राहता येतं का? (चाळिशीला टेकलेली)

उत्तर: हाहा, तुमच्यासारखा विचार करणारे तिथे पण असतील. त्या सूपचं नाव तोकगुक. तांदळाच्या पिठाची लांब पांढरी वळी करतात, ती तिरकी कापून चकत्या करायच्या आणि रस्श्यात उकळायच्या. पांढरा रंग म्हणजे कोरी सुरुवात, लांब वळी म्हणजे लांब आयुष्य, चकती म्हणजे नाणं, एका वाटीत तिन्ही कामं. आणि ती वाटी संपवली की माणूस एक वर्षाने मोठा झाला असं धरतात. 'तू किती वाट्या तोकगुक खाल्लंस' असं विचारलं तर समजायचं की आपलं वय विचारलंय.

यामागे त्यांची जुनी वय मोजायची पद्धत आहे. जन्मलेलं बाळ जन्मताच एक वर्षाचं, आणि मग सगळ्यांचं वय नववर्षालाच एकदम वाढायचं, वाढदिवसाचा काही संबंध नाही. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं पोर दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! दक्षिण कोरियात २८ जून २०२३ पासून सरकारी कामात बहुतेक ठिकाणी वाढदिवसाप्रमाणे मोजायचा कायदा लागू झाला आणि कागदावर लोक एकदम एक-दोन वर्षांनी तरुण झाले. तेव्हा सूप सोडायची गरज नाही, कायद्यानेच तुमच्या वहिनीला ते गिफ्ट दिलंय. तुम्हाला नाही मिळणार, सॉरी. आणि सासरच्यांनी वाटी पुढे केली तर नाही म्हणू नका, गरम छान लागतं.

प्रश्न: कोंबडी खाल्ली तर वर्ष वाईट जातं असं वाचलं, खरं का? पार्टीचा मेन्यू ठरलाय. (यजमान)

उत्तर: मेन्यू बदलू नका. पण समजूत खरी आहे, म्हणजे अशी समजूत आहे हे खरं. हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनीकडे म्हणतात की कोंबडी मागे माती उकरते, म्हणजे नशीब मागे फेकते, वर पंख आहेत म्हणजे उडूनही जातं. डुक्कर मात्र नाकाने पुढे पुढे उकरतं, म्हणून ते शुभ. फिलिपाइन्समध्ये पण मध्यरात्रीच्या जेवणात कोंबडी टाळतात, कारण एक उकर आणि एक दाणा टिप अशी तिथली म्हण आहे, हातावरचं पोट असलेल्याबद्दल, आणि तसं वर्ष कोणाला हवंय. खेकडा नको, तो तिरका चालतो. लॉबस्टर नको, तो मागे सरकतो.

आता गंमत ऐका. हंगेरीत नववर्षाच्या दिवशी मासा पण नको म्हणतात, नशीब पोहून जाईल. आणि तिकडे जर्मनीत वर्षअखेरीला कार्प मासा खातात, वर त्याचं एक खवलं धुऊन पाकिटात ठेवतात, वर्षभर पैसा टिकावा म्हणून. चीनमध्ये तर माशाशिवाय पानच पूर्ण नाही. जपानात कोळंबी शुभ, कारण तिची पाठ वाकलेली, म्हणजे म्हातारं होईपर्यंत जगा. एकाच प्राण्याकडे बघून एकाला पळणारं नशीब दिसतं आणि दुसऱ्याला दीर्घायुष्य. तुमची कोंबडी पण कोणाच्या तरी हिशोबात शुभ असेलच, बिनधास्त करा.

प्रश्न: चिनी आणि जपानी नववर्षाचे पदार्थ खूप आहेत आणि प्रत्येकाचा काहीतरी अर्थ आहे म्हणतात. पाठ कसे करायचे? मी टूर गाइडचा कोर्स करतेय. (परीक्षेच्या तयारीत)

उत्तर: पाठ करू नका, कान उघडे ठेवा. तिथे निम्मं काम डोळ्याचं नाहीच, कानाचं आहे. शब्दाचा आवाज जुळला की पदार्थ शुभ.

चिनीत माशाला 'यू' म्हणतात, आणि शिल्लक उरणं यालाही 'यू'. म्हणून आदल्या रात्रीच्या जेवणात मासा अख्खा आणतात आणि मुद्दाम थोडा उरवतात, म्हणजे दरवर्षी काहीतरी शिल्लक राहावं. चिकट तांदळाचा केक, 'न्येन गाव', त्याच आवाजात 'वर्षागणिक उंच' असं पण ऐकू येतं, म्हणून बढती, मुलांची उंची, सगळं त्यात. उत्तरेकडे ज्याओझ, म्हणजे आपण डम्पलिंग म्हणतो ते, हे मात्र डोळ्याचं काम, आकार जुन्या काळच्या सोन्याचांदीच्या विटेसारखा. कुठे कुठे एखाद्यात नाणं लपवतात.

आवाजाच्या नादाने काय होऊ शकतं याचं एक उदाहरण तुमच्या परीक्षेत आलं तर बहार येईल. 'फा चाय' नावाचं काळ्या केसांसारखं दिसणारं एक शेवाळासारखं काहीतरी वाळवंटी गवताळ भागात जमिनीवर उगवतं. त्याला चव अशी काही नाही. पण नाव 'श्रीमंत हो' सारखं ऐकू येतं, कँटोनीज लोक एकमेकांना नववर्षाला तेच तर म्हणतात, म्हणून त्याला एवढी मागणी की लोकांनी जमीन खरवडून खरवडून काढलं आणि वाळवंट पसरायला लागलं. शेवटी २००० साली चीन सरकारने ते गोळा करायला आणि विकायला बंदी घातली.

जपानकडे या. त्यांनी १८७३ पासून १ जानेवारी धरला, त्यामुळे तिथे चिनी तारखांशी गल्लत करू नका, परीक्षेत नक्की विचारतात. १ तारखेला ओसेची असतं, लाकडी डब्यांची चळत, प्रत्येक डब्यात थोडं थोडं. काळे सोयाबीन 'मामे', त्याच आवाजाचा अर्थ कामसू, धडधाकट. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ, कारण 'योरोकोबू' म्हणजे आनंद होणे. ताई नावाचा मासा (हो हो, माझ्याच नावाचा), कारण 'मेदेताई' म्हणजे मंगल. हेरिंग माशाची अंडी म्हणजे 'काझुनोको', काझू म्हणजे संख्या आणि को म्हणजे मूल, बाकी तुम्ही समजून घ्या. कमळाच्या कंदाची चकती असते, तिला भोकं असतात, त्यातून पुढचं वर्ष आरपार दिसावं म्हणून. गोड चेस्टनटचा पिवळा लगदा म्हणजे सोनं. आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ताझुकुरी, बारके सुके मासे सोया आणि साखरेत परतलेले. नावाचा अर्थ 'भाताचं शेत करणारा', कारण एके काळी हेच मासे शेतात खत म्हणून टाकायचे. शेताला घातलं ते पिकलं, म्हणून ताटात पण घ्यायचं. हे सगळं आधीच करून ठेवतात, साखर आणि सोया भरपूर, म्हणजे टिकतं, आणि सणाचे तीन दिवस शक्यतो चूल पेटवायची नाही, बाईला सुट्टी. इंजिनियरसाहेब वाचताय ना, परत कोठीच आली.

आदल्या रात्री सोबा, कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स. लांब म्हणून दीर्घायुष्य, आणि पटकन तुटतात म्हणून सरत्या वर्षाचे त्रास तुटून जावेत. एकाच नूडलला लांब पण म्हणायचं आणि तुटणारी पण, याला म्हणतात हुशारी. बारा वाजायच्या आत संपवायच्या, उरवायच्या नाहीत.

आणि मोची, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताचे गोळे, १ तारखेला सूपमध्ये घालतात. हे इतकं चिकट असतं की घशात अडकून दरवर्षी वयस्कर लोक दगावतात, टोकियोचं अग्निशमन खातं डिसेंबर आला की बारीक तुकडे करा, नीट चावा म्हणून सांगत असतं. टुरिस्टांना हे आवर्जून सांगा, अर्थ एक वेळ विसरलात तरी चालेल.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी. आमच्या वाट्याला या जगात नशीब आहे की नाही? (रागाने लिहितेय)

उत्तर: भरपूर आहे, फक्त रस्श्यापासून सावध राहा. द्राक्षं झाली, मसूर झाला. इटलीतला मसूर सॉसेजशिवाय पण होतो, उंब्रियातल्या कास्तेलुच्चोचा बारका मसूर नावाजलेला आहे, साल पातळ, भिजवायची पण गरज नाही. गाजर, कांदा, सेलरीचा देठ ऑलिव्ह तेलात परतून त्यात मसूर मंद शिजवायचा, मीठ शेवटी, झालं. चिलीमध्ये तर बाराच्या ठोक्याला फक्त एक चमचाभर मसूर खातात, त्यात काय लागतंय.

डाळिंब घ्या, ग्रीस आणि तुर्कस्तानात दारात आपटून फोडतात, जितके दाणे उडतील तितकं चांगलं (साफ कोण करतं ते लिहिलेलं नसतं). रोश हशानाला मधात बुडवलेली सफरचंदाची फोड. इराणच्या नवरोजला हफ्त-सीन मांडतात, फारसीत 'स' ने सुरू होणाऱ्या सात वस्तू, सफरचंद, लसूण, व्हिनेगर, सुमाक (एक आंबट मसाला), कोवळे हिरवे अंकुर वगैरे, त्यात समनू म्हणजे अंकुरलेल्या गव्हाची खीर, साखर न घालता गोड होते, फक्त रात्रभर ढवळायची तयारी हवी. आणि जर्मनीत चक्क डुक्कर खाता येईल तुम्हाला, दचकू नका, मार्झिपानचं असतं, बदाम आणि साखर. तिथे 'माझ्याकडे डुक्कर आलं' म्हणजे नशीब फळफळलं, म्हणून गुलाबी बारकी डुकरं एकमेकांना देतात. घेताना अंड्याचा पांढरा भाग आहे का तेवढं लेबल बघा.

फसायची जागा म्हणजे सोबा. नूडल्स शाकाहारी, पण रस्सा जवळपास नेहमी सुक्या बोनितो माशाचा. कोंबू आणि सुक्या मशरूमचा रस्सा मागा किंवा घरी करा. कोरियन सूपचं पण तेच, गोमांस नाहीतर सुकी मासळी असते. शिवाय कुट्टूची ॲलर्जी काहींना जबरदस्त असते, पहिल्यांदाच खात असाल तर बेतानेच.

प्रश्न: केकमध्ये नाणं लपवण्याची आयडिया मुलांच्या पार्टीला चालेल का? दात पडेल अशी भीती वाटते. (दोन जुळ्यांची आई)

उत्तर: ग्रीसमधली वासिलोपिता तुमच्या डोक्यात आहे. १ जानेवारी हा तिथे संत वासिलिओसचा दिवस, त्याच्या नावाचा केक. गोष्ट अशी सांगतात की कराच्या नावाखाली लोकांचे दागिने गोळा झाले होते, ते परत करायचे तर कोणाचं कुठलं कळेना, म्हणून त्याने पावांमध्ये भरून वाटले आणि प्रत्येकाला आपलंच मिळालं. कापायचा क्रम ठरलेला असतो, पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग मेरीचा, संताचा, घराचा, गरिबाचा, मग मोठ्यांपासून लहानांपर्यंत, थोडंफार घरोघरी बदलतं. नाणं गरिबाच्या तुकड्यात निघालं तर भांडणच मिटलं. ऑफिसं, क्लब वगैरे तर जानेवारीभर कापत बसतात.

तुमच्यासाठी: नाणं मोठं घ्या, उकळून घ्या, फॉइलमध्ये गुंडाळा, आणि केक भाजून झाल्यावर खालून चीर देऊन सरकवा. खायच्या आधी सगळ्यांना सांगा की आत नाणं आहे, सरप्राइज तेवढंच ठेवा की कोणाकडे आहे. वय तीनच्या आत असेल तर नाणं नकोच, एक अख्खा बदाम पण नको, तळाला कागदाची चिठ्ठी चिकटवा. आणि जुळी आहेत म्हणताय, तर गुपचूप दोन घाला.

जाता जाता, फ्रान्समध्ये ६ जानेवारीच्या केकमध्ये चिनीमातीची बाहुली असते आणि ज्याला मिळते तो त्या दिवशीचा राजा. पण राष्ट्राध्यक्षांच्या महालात जो केक जातो त्यात बाहुली घालतच नाहीत. प्रजासत्ताकात राजा कसा चालेल!

प्रश्न: ताई, इतकं लिहिता, तुम्ही स्वतः ३१ ला काय खाता? (भोचक)

उत्तर: द्राक्षंच. आदल्या दिवशी धुऊन, सोलून, बारा मोजून वाटीत ठेवते, क्वार्तोसला अजिबात फसत नाही आता. अकरापर्यंत अगदी टोलाला टोल जमतं. बाराव्याला वाटीत हात घालते तर द्राक्ष नसतं, नवरा शेजारी बसून चघळत असतो. डिसेंबर महिना गेली कित्येक वर्षं त्याच्याच नावावर आहे.